उभी आहे

अशोकस्तंभाजवळ झेरॉक्सच्या दुकानावर
एक जिना, त्याला कठडा नाही.
वर विज्ञान अध्यापक मंडळाचं ऑफिस
आणि निर्गुडे भाऊसाहेब,
चष्मा कपाळावर ठेवून टेबलावर चष्मा शोधत.

"कोणासाठी नेताय फॉर्म?"
माझ्यासाठी.
"अध्यक्षपदाचा आहे हा, मॅडम."
हो.
त्यांनी पंख्याकडे पाहिलं,
जणू तोच काही बोलला होता.

वरच छापलंय : इच्छुक उमेदवार.
हा शब्द मी फक्त चौकातल्या फ्लेक्सवर वाचलेला,
पांढऱ्या शर्टांच्या, जोडलेल्या हातांच्या खाली.
मला आजवर नेमलं, बदलीवर धाडलं,
जनगणनेला जुंपलं,
प्रदर्शन आलं की हारतुरे आणि नाश्ता
'तेवढं तुम्ही बघा' म्हटलं.
बघितलं. एकोणीस वर्षं बघितलं.
पोह्यांचे हिशेब अजून वहीत आहेत,
मंडळाकडून सात रुपये येणं आहे.

रकाना सहा :
आपली नेतृत्वक्षमता, पन्नास शब्दांत.

काय लिहू.
दिंडोरीच्या शाळेत होते तेव्हा
नववीतला एकजण निळी बोटं घेऊन वर्गात यायचा.
रोज हात धुवायला बाहेर काढायचे त्याला.
एक दिवस तोच म्हणाला,
मोरचूद आहे बाई, जात नाही धुऊन.
चुना मिसळून द्राक्षावर मारतो आम्ही.
आधी त्यात खिळा बुडवून बघायचा,
तांबडा झाला तर अजून चुना.
मी फळ्यावर विस्थापन अभिक्रिया लिहीत होते,
बाण अर्धाच राहिला.
पुढच्या वर्षीपासून तो धडा मी खिळ्यापासून सुरू करते.
याला नेतृत्व म्हणतात का, माहीत नाही.
मी तर त्याच्या मागे गेले होते.

शब्द मोजले, जास्त भरले.
मुलाचं नाव खोडलं, खिळा ठेवला.

रात्री कडलग सरांचा फोन.
तीनदा निवडून आलेत, चौथ्यांदा उभे आहेत.
"ताई, उपाध्यक्षपद घ्या ना, बिनविरोध करून टाकू.
उगाच शिक्षकांत राजकारण कशाला?"
माणूस वाईट नाही.
माझ्या बाळंतपणाच्या रजेत
माझे तास त्यांनी न सांगता घेतले होते,
तेही आठवलं, नेमकं तेव्हाच.
म्हटलं, सर, सुरगाण्याच्या शाळेत परीक्षानळ्या तीन,
त्यातल्या एकीत सरस्वतीपुढची उदबत्ती.
पेठला सूक्ष्मदर्शक आहे,
पण कपाटाची किल्ली
जुन्या हेडमास्तरांबरोबर निवृत्त झाली.
आपण दरवर्षी ठराव करतो.
पाणीसुद्धा इतका वेळ तापवलं तर उकळतं हो.

हसले ते. मग हळूच, "बघा बुवा, पडाल."

पडेन.
न पडण्याची खात्री असती
तर त्याला प्रयोग म्हणाले नसते.

सूचक सापडला, अनुमोदक सापडेना.
दोघांनी पेन उघडलं,
पुन्हा टोपण लावलं, घरच्यांची चौकशी केली.
मग यमुना भोये,
सुरगाण्याहून पहाटेची एसटी पकडून आलेली,
सीबीएसच्या फलाटावर भेटली.
टेकायला जागा नव्हती,
माझ्या पाठीवर कागद धरून तिनं सही केली.
पेन टोचलं, अजून जाणवतंय उजव्या खांद्याखाली.
चहाला थांबली नाही.
दुपारच्या सत्रात तिला ऑक्सिजन तयार करून दाखवायचा होता.

तर असा अर्ज दिला.
निर्गुडेंनी शंभराची पावती फाडली,
चष्मा डोळ्यांवर आणला,
"म्हणजे तुम्ही खरंच उभ्या?"

भाऊसाहेब,
सत्तावीस वर्षं रोज सहा तास उभीच आहे मी.
पोटऱ्यांवर शिरांचा नकाशा उमटलाय,
गोदावरी, दारणा, कादवा, सगळ्या दाखवीन.
या खेपेला फक्त
कागदावर लिहून दिलंय.

उतरताना भिंतीला हात धरून उतरले.
आले निवडून, तर आधी
हा कठडा.